वर्गाची हवा: बाउहाउसच्या विद्यार्थ्यांविषयी

डिझाइनच्या शाळांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा वस्तूंचाच इतिहास सांगतो. ही खुर्ची, हा दिवा, ही इमारत. पण ती खुर्ची करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्या वर्गात बसून काय वाटत होतं? आज आपण एवढंच विचारू.

1919 साली जर्मनीतल्या वायमार गावात वॉल्टर ग्रोपिउस यांनी बाउहाउस सुरू केलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. काही विद्यार्थी तर थेट आघाडीवरून आलेले. अशा मुलांना पहिला वर्ग कोणाचा? योहानेस इटेन यांचा. इटेन तासाची सुरुवात श्वासाने करत. आधी अंग सैल करायचं, हात हलवायचे, मग कोळसा हातात घ्यायचा. भंगारातली लाकडं, तारा, चिंध्या चाचपून बघायच्या. बरोबर-चूक नंतर. खंदकातून आलेल्या माणसाला हे केवढं मोकळं वाटलं असेल, आपण कल्पना करू शकतो.

पण याची दुसरी बाजूही आहे बरं का. त्याच शाळेत शिकवणाऱ्या ओस्कार श्लेमर यांनी एका पत्रात एक प्रसंग लिहून ठेवला आहे. इटेन यांनी वर्गात एक जुनं चित्र दाखवलं, शोक करणाऱ्या मेरी मॅग्डालेनचं. मुलं निमूटपणे रेखाटू लागली. तेव्हा इटेन कडाडले: तुम्हाला संवेदना असती तर चित्र काढत न बसता तुम्ही रडला असता! आता सांगा, ज्याला रडू आलं नाही त्याने काय करायचं? भावना मोकळी करणारा वर्ग भावनेची सक्तीही करू शकतो. हे आपण नीट लक्षात ठेवू.

आणि वर्ग म्हणजे नुसता शिक्षक नव्हे. कोणतं दार कोणासाठी उघडं, हाही वर्गच. बाउहाउसने सुरुवातीला स्त्री-पुरुष भेद न करता प्रवेश जाहीर केला. पहिल्याच सत्रात 84 स्त्रिया आणि 79 पुरुष आले. मग वरिष्ठ धास्तावले. लवकरच स्त्रियांचा वेगळा वर्ग निघाला आणि बहुतेकींची रवानगी विणकामाकडे झाली. आनी आल्बर्स यांना काचकाम करायचं होतं. त्या मागावर बसल्या त्या नाखुशीनेच. पुढे त्याच मागावर त्यांनी विसाव्या शतकातलं फार मोठं काम केलं. म्हणून काही लोक म्हणतात, बघा, चांगलंच झालं की! आम्हाला हे पटत नाही. त्यांनी सोनं केलं हे त्यांचं श्रेय. बंद दाराचं नव्हे.

आता शेवटची गोष्ट. इटेन यांच्या विद्यार्थिनींत फ्रीडल डिकर होत्या. त्या ज्यू. डिसेंबर 1942 मध्ये नाझींनी त्यांना टेरेझिनच्या छावणीत धाडलं. तिथे त्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. कागद म्हणजे कचेरीतले वापरलेले फॉर्म. पण पद्धत वायमारचीच: श्वास, ठेका, हाताची हालचाल, वस्तू चाचपणं. मुलांनी फुलं काढली, घरं काढली, छावणीतले बाकही काढले. आणि चित्रावर स्वतःचं नाव घालायचं, असा बाईंचा आग्रह असे. ऑक्टोबर 1944 मध्ये डिकर यांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आलं. त्यातली बहुतेक मुलंही गेली. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे 4,500 चित्रं राहिली. आज ती प्रागमध्ये आहेत.

तिथे ना चांगली इमारत होती, ना उजेड, ना सामान. तरी तो वर्ग होता. आपण शिक्षणाचं वातावरण म्हटलं की भिंती, खिडक्या, फर्निचर मोजतो. ते लागतंच, नाही असं नाही. पण मुलाच्या मनाला आधी कळतं ते वेगळंच: इथे मला श्वास घ्यायला वेळ आहे का, माझ्यासाठी दार उघडं आहे का, माझं नाव कोणी विचारणार आहे का.

आम्ही इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. तासाला शिरलो की पहिल्यांदा हजेरी, तीही नावाने नाही, नंबरने. कोणी तक्रार केली नाही. आम्हालाही काही वाटलं नाही. आज वाटतं.