परवाना-डाँगल, यूएसबी (संगीतनिर्मिती)

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरचा वापर-परवाना साठवणारे आणि संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये बसणारे लहान उपकरण. ते जोडलेले असेल तरच सॉफ्टवेअर उघडते. काही सॉफ्टवेअर काम चालू असतानाही त्याची अधूनमधून तपासणी करतात. परवाना संगणकावर नसून डाँगलमध्ये असल्याने एकाच खरेदीवर घरी, स्टुडिओत आणि रंगमंचावर काम करता येते. मात्र डाँगल हरवले किंवा निकामी झाले, की रीतसर विकत घेतलेले सॉफ्टवेअरही बंद पडते. त्यामुळे टिकाऊपणाचा विचार दोन अंगांनी करावा लागतो : उपकरणाचे आयुष्य आणि त्यामागील परवाना-सेवेचे आयुष्य.

पूर्वपीठिका : यूएसबीपूर्वी डाँगल त्या त्या काळच्या जोडणीनुसार बनत. अटारी एसटी संगणकावर स्टाइनबर्गच्या क्यूबेसचे (१९८९) डाँगल कार्ट्रिज पोर्टमध्ये बसे. सी-लॅबच्या नोटेटरचीही तीच पद्धत होती. मॅकिंटॉशवर एडीबी आणि पीसीवर पॅरलल पोर्टची डाँगल आली. १९९८ च्या आयमॅकमध्ये एडीबी पोर्ट नव्हते. त्यामुळे चालू स्थितीतील जुनी डाँगल नव्या संगणकाला थेट जोडण्याची सोय उरली नाही. उपकरण शाबूत असूनही निरुपयोगी ठरण्याचे हे या क्षेत्रातील ठळक उदाहरण होय.

रचना व कार्य : आत एक सुरक्षित मायक्रोकंट्रोलर व अल्प स्मृती असते. सॉफ्टवेअर डाँगलकडे एक आव्हान-संख्या पाठवते. डाँगल आपल्या गुप्त किल्लीने त्यावर प्रक्रिया करून उत्तर देते. किल्ली बाहेर वाचता येत नसल्याने फाइलप्रमाणे डाँगलची नक्कल करता येत नाही. मालकालाही स्वतःपुरती सुटी प्रत काढून ठेवता येत नाही, ही त्याच गुणाची दुसरी बाजू.

भौतिक टिकाऊपणा : (१) जोडणी. प्रमाणित यूएसबी-ए जोडणी किमान १,५०० वेळा घालणे-काढणे सहन करील अशी अपेक्षा असते. यूएसबी-सीसाठी हा आकडा १०,००० आहे. रोज एकदा काढघाल केल्यास १,५०० चा आकडा सुमारे चार वर्षांत गाठला जातो. एकदा बसवून न हलवलेल्या डाँगलला ही मर्यादा जवळजवळ लागूच होत नाही.

(२) तरफेचा ताण. लॅपटॉपच्या कडेला बाहेर आलेल्या डाँगलला हाताचा किंवा पिशवीचा धक्का लागतो. तो भार पोर्टच्या तोंडाशी एकवटून डाँगलच्या आतील टाक्यांना (सोल्डर जोडांना) तडे जातात. सुरुवातीला डाँगल मधूनच दिसते, मधूनच नाहीसे होते. नंतर संगणक ते ओळखतच नाही. प्रवासी वादक आणि ध्वनिसंयोजकांना या बिघाडाचा धोका अधिक. आखूड एक्स्टेंशन केबल किंवा रॅकमध्ये पक्का बसवलेला, स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब हा त्यावरचा सोपा व खात्रीचा उपाय.

(३) दमट व खारी हवा. जोडणीच्या पट्ट्यांवर निकेलच्या थरावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो झिजला किंवा त्यात सूक्ष्म छिद्रे असली, की खाली गंज चढतो. मुंबई, कोकण व गोव्याच्या किनारी हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हा धोका लक्षात घ्यावा लागतो. वातानुकूलित स्टुडिओतून बाहेर काढलेल्या थंड धातूवर दव धरते. सिलिका जेल घातलेली बंद डबी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकी सफाई पुरेशी होते. सँडपेपरने घासल्यास मुलामाच निघून जातो.

(४) स्मृती. ईईप्रॉम प्रकारच्या स्मृतीत साधारणपणे एक लाख वेळा पुनर्लेखन करता येते. परवाने क्वचितच हलवले जात असल्याने लेखनाने ती संपण्याचा संभव कमी. साठवलेला विद्युतभार मात्र वर्षानुवर्षे हळूहळू ओसरतो व उष्णतेने हा ऱ्हास वाढतो. उन्हात उभ्या गाडीत डाँगल ठेवू नये.

(५) स्थिर विद्युत व सदोष हब. यांमुळे कंट्रोलर एका क्षणात निकामी होऊ शकतो.

प्रमुख प्रणाली : आयलॉक. अमेरिकेतील पेस अँटी-पायरसी या कंपनीचे. पहिल्या पिढीचे कवच प्लास्टिकचे होते. तिसऱ्या पिढीत ते आखूड व धातूचे झाले. परवान्यांची क्षमता दुसऱ्या पिढीत ५०० आणि तिसऱ्या पिढीत १,५०० झाली. आकार लहान झाल्याने तरफेचा ताण कमी झाला. पण एकाच उपकरणात अधिक परवाने साठू लागल्याने एका बिघाडाची किंमतही वाढली. प्रो टूल्स ११ (२०१३) पासून पहिल्या पिढीचे आयलॉक त्या सॉफ्टवेअरला चालेनासे झाले. ‘झीरो डाउनटाइम’ या सशुल्क वार्षिक सेवेत बिघाड झाल्यास तात्पुरते परवाने मिळतात. परवाना थेट संगणकावर किंवा क्लाउडवर ठेवण्याचे पर्यायही पुढे आले. ते द्यायचे की नाही, हे प्रत्येक सॉफ्टवेअर-कंपनी ठरवते.

ईलायसेन्सर. मूळ नाव सिंक्रोसॉफ्ट. क्यूबेस, न्यूएन्डो, वेव्हलॅब यांसाठी व काही काळ व्हिएन्ना सिंफोनिक लायब्ररीसाठी वापरात होते. स्टाइनबर्गने जानेवारी २०२२ मध्ये डोरिको ४ बरोबर डाँगलविरहित परवाना-पद्धती आणली आणि मार्च २०२२ मधील क्यूबेस १२ तिच्यावर नेले. ईलायसेन्सरची सेवा २० मे २०२५ रोजी बंद करण्यात आली. आधीच सक्रिय केलेला परवाना डाँगल व संगणक साथ देतील तोवर चालतो. तो दुसऱ्या डाँगलवर हलवणे किंवा तुटलेल्या डाँगलवरून परत मिळवणे यांची वाट मात्र बंद झाली. दहा-पंधरा वर्षे सुस्थितीत टिकलेल्या डाँगलचेही भवितव्य त्यामुळे अखेर सर्व्हरच्या तारखेशी जोडले गेले. प्रस्तुत विषयातील ही सर्वांत महत्त्वाची घटना होय.

एक्सएसकी. इमॅजिकच्या लॉजिकसाठी. ॲपलने २००२ मध्ये इमॅजिक विकत घेतली आणि २००७ मधील लॉजिक ८ पासून डाँगल काढून टाकले.

कोडमीटर. जर्मनीतील विबू-सिस्टिम्सचे, मुख्यतः औद्योगिक वापरात.

चोरीला आळा : सॉफ्टवेअरची चोरी रोखण्यात डाँगल किती परिणामकारक ठरते, याबाबत मतभेद आहेत.

कायदेशीर स्थिती : अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टखाली दर तीन वर्षांनी ठरणाऱ्या सवलतींत, बिघाड वा हानी झालेल्या आणि कालबाह्य ठरलेल्या डाँगलमुळे अडलेल्या सॉफ्टवेअरचा २००३, २००६ व २०१० मध्ये समावेश होता. २००६ च्या निर्णयानुसार, उत्पादन थांबलेले किंवा बदली व दुरुस्ती बाजारात रास्तपणे न मिळणारे डाँगल कालबाह्य मानले गेले. २०१२ च्या यादीत ही सवलत नव्हती.

भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२(१)(कक) कायदेशीर प्रतधारकाला हानी वा नाशापासून संरक्षण म्हणून सॉफ्टवेअरची राखीव प्रत काढू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण ओलांडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. राखीव प्रत कायद्याने मान्य असली, तरी डाँगलशिवाय ती उघडत नाही. ही तफावत ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायकारक आहे.

ध्वनिसंग्रहाच्या दृष्टीने : मुंबईच्या चित्रपट व जाहिरात संगीतात प्रो टूल्स, न्यूएन्डो व लॉजिक यांचा वापर रुळलेला आहे. या सॉफ्टवेअरमधील प्रकल्प-फाइल आणि तिला लागणारे डाँगल यांची ताटातूट झाली, की ध्वनिमुद्रण हाती असूनही मिश्रणातील निर्णय (इक्वलायझर, प्रतिध्वनी, आभासी वाद्यांचे स्वर) परत मिळत नाहीत. अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकॅडमीच्या प्रोड्यूसर्स अँड इंजिनिअर्स विंगने म्हणूनच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यक्षणापासून सलग अशा ब्रॉडकास्ट वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवण्याची शिफारस केली आहे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये मांडलेले हे खुले स्वरूप वाचण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. मूळ ट्रॅक आणि प्रक्रिया केलेले ट्रॅक असे दोन्ही संच, सोबत वापरलेल्या प्लगइनची नावे व आवृत्त्यांची लेखी नोंद, एवढे काम गाणे पूर्ण झाल्याच्या आठवड्यातच व्हावे. त्या वेळी डाँगल चालू असते, सेवाही चालू असते आणि मिश्रण करणारी माणसे हाताशी असतात.