'राइझ' आणि 'रेझ' : चढणे की चढवणे?

दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. येथील औद्योगिक वसाहतीत अनेक रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत बोलणे मराठी-हिंदीत चालते. कामाच्या लेखी सूचना आणि पाळीच्या नोंदी मात्र बहुधा इंग्रजीत असतात. तेथे 'राइझ' आणि 'रेझ' या क्रियापदांतील भेद केवळ व्याकरणापुरता उरत नाही.

दोन्ही शब्दांचा संबंध वर जाण्याशी आहे. 'राइझ' हे अकर्मक क्रियापद. सूर्य उगवतो, धूर वर जातो, भाव चढतात, नदीचे पाणी वाढते; येथे सर्वत्र 'राइझ'. 'रेझ' हे सकर्मक; त्याला कर्म लागते. हात वर करणे, प्रश्न उपस्थित करणे, निधी उभारणे, धरणाची उंची वाढवणे, या सर्वांसाठी 'रेझ'. मराठीतील चढणे-चढवणे, उठणे-उठवणे या जोड्यांत हाच भेद आहे.

दोन्ही शब्द एकाच प्राचीन जर्मानिक धातूपासून आले. 'राइझ' जुन्या इंग्रजीतला, तर 'रेझ' स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स भाषेतला आणि मुळात प्रयोजक. रूपेही निराळी : राइझ, रोझ, रिझन, आणि रेझ, रेझ्ड, रेझ्ड.

आता पाळीच्या नोंदवहीतील दोन वाक्ये पाहा. 'टेम्परेचर वॉज रेझ्ड टू एटी डिग्रीज' म्हणजे तापमान ठरवून ८० अंशांपर्यंत नेले. 'टेम्परेचर रोझ टू एटी डिग्रीज' म्हणजे ते ८० अंशांपर्यंत चढले. कोणी चढवले की आपोआप चढले, हे वाक्य सांगत नाही. उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेत तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि वेगाबरोबर उष्णता आणखी वाढते. म्हणून आपोआप चढलेले तापमान हा धोक्याचा इशारा असतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरल्यावर तापमान व दाब असेच चढत गेले. पुढच्या पाळीला नोंद वाचून निर्णय घ्यायचा असतो. 'रोझ'च्या जागी 'रेझ्ड' लिहिले गेले, तर इशाऱ्याऐवजी सारे ठरल्याप्रमाणे चालल्याचा समज होतो.

काही अपवादही ध्यानात ठेवावेत. पगारवाढीला ब्रिटनमध्ये 'राइझ' म्हणतात, अमेरिकेत 'रेझ'. अडचण उद्भवते तेव्हा तिसराच शब्द, 'अराइझ', वापरतात. 'रेझ' असाच उच्चार असणारा, पण वेगळ्या स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ नेमका उलटा, जमीनदोस्त करणे.

मराठी माणसाची गफलत बहुधा 'वाढणे'मुळे होते. मूल वाढते ते अकर्मक, पण आई जेवण वाढते ते सकर्मक. एकच शब्द दोन्ही कामे करतो. 'राइझ' आणि 'रेझ' यांत ही सोय नाही. वाक्य लिहिण्यापूर्वी मराठीत 'चढले' की 'चढवले' एवढे विचारावे. 'चढवले' असे उत्तर आले, तर 'रेझ'. 'चढले' आले, तर 'राइझ', आणि कारखान्यात असाल तर ते का चढले याचा शोधही.