टीप आणि हप्ता : माणदेशातल्या घरगुती शिवणयंत्राचा इतिहास

घरी वापरायला मधल्या किमतीचे शिवणयंत्र घ्यायचे, तर ते पारखायचे कसे? दुकानदाराला विचारले की तो टाक्यांचे प्रकार मोजून दाखवतो. माझ्या आत्याची रीत वेगळी होती. १९७९ साली दहिवडीजवळच्या आमच्या गावातून ती फलटणला मशीन घ्यायला गेली, तेव्हा पिशवीत जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेऊन गेली होती. दुकानात तिने तो तुकडा आधी दुहेरी, मग चौपदरी, मग आठपदरी करून मशीनखाली घातला. टीप घालून झाल्यावर कापड उलटे केले, खालचा दोरा सैल सुटलाय का ते पाहिले आणि दोन्ही हातांनी शिवण ताणली. मग विचारले, “बिघडलं तर दुरुस्त करणारा कुठं बसतो?”

या तीन परीक्षांत उतरलेले लोखंडी, काळे, पायाने चालवायचे मशीन घरी आले. चौथी गोष्ट विचारायचे कुणालाच सुचले नव्हते. पावती कोणाच्या नावावर करायची? ती आपोआप काकांच्या नावावर झाली. काका मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो संपलाच नाही. काका गावी परतले. पुढच्याच वर्षी ते मशीन सावकाराकडे गहाण पडले आणि सुटले नाही. आत्याला कुणी विचारले नव्हते, आणि विचारायला हवे होते असेही तेव्हा कुणाला वाटले नाही.

शिवणयंत्राचा इतिहास वाचताना मला ही पावती वारंवार आठवत राहिली. कारण हा इतिहास जितका सुई-दोऱ्याचा आहे, तितकाच तो हप्त्यांचा आणि मालकीचा आहे.

हातशिलाईचा मुलूख

माणदेश म्हणजे साताऱ्यातला माण तालुका आणि त्याला लागून असलेला आटपाडी, सांगोल्याकडचा कोरडा टापू. शंभू महादेवाच्या डोंगररांगेतून निघालेली माणगंगा या मुलखातून वाहते, पण वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळूच असते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो सरलेला असतो. म्हणून इथली जुनी संपत्ती मेंढरू, आणि जुने वस्त्र घोंगडे. धनगरांनी कातरलेली लोकर सनगरांच्या मागावर जायची आणि तिचे घोंगडे व्हायचे. त्याला शिलाई लागत नाही. लुगडे, धोतर, मुंडासे यांनाही लागत नाही.

शिवायचे ते थोडकेच : खणाची गाठीची चोळी, बंडी, पोरांची कुंची आणि टोपडे. गावगाड्याच्या जुन्या याद्यांत शिंपी बहुधा अलुतेदारांत येतो, बारा बलुतेदारांत नाही. नांगराचा फाळ शेवटायला लोहार रोजचा लागे. शिंप्याचे काम सणासुदीचे आणि लग्नसराईचे. घरातली खरी शिलाई बायकांच्या हातची, ती म्हणजे वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालत जायचे. हे काम दुपारचे, शेजारणींसह करायचे आणि फुकटचे. त्याला ना दर, ना मजुरी.

यंत्र विकणाऱ्यांना हिंदुस्थानात सुरुवातीला अडचण आली ती इथेच. न शिवलेले कपडे घालणाऱ्या देशात शिवणयंत्र कुणाला विकायचे?

यंत्र आले, हप्ता घेऊन आले

१८४६ साली अमेरिकेत एलियस हाऊ याने पेटंट घेतले त्या यंत्रात दोन कल्पना एकत्र आल्या होत्या : सुईचे नेढे टोकाजवळ, आणि खालून दुसरा दोरा घेऊन येणारा धोटा. वरचा दोरा कापडातून खाली जातो, तिथे त्याचा फास होतो, फासातून खालचा दोरा जातो आणि दोघांची अढी कापडाच्या मध्यात बसते. आजही घरातल्या साध्या मशीनची टीप हीच. आत्या कापड उलटून पाहायची ते याचसाठी. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असेल तर अढी आत दडते. नसेल तर एका बाजूला दोरा नुसता आडवा पडतो आणि ओढला की सरसर निघून येतो.

आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले. पण घराघरांत यंत्र नेले ते त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याच्या युक्तीने. यंत्राची किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास, आणि साध्या अमेरिकन कुटुंबाची वर्षाची मिळकत पाचशेच्या घरात. रोख घेणार कोण? म्हणून क्लार्कने १८५६पासून हप्त्याची पद्धत आणली. थोडी रक्कम आधी, उरलेली महिन्याच्या महिन्याला. यातली ग्यानबाची मेख अशी की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र कंपनीच्याच मालकीचे. बाईच्या घरात, बाईच्या पायाखाली चालणारे, पण बाईचे नव्हे.

हीच पद्धत घेऊन सिंगर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आली. तिचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी दीर्घकाळ पाहिला. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ सालच्या पुस्तकात सायकल, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या बरोबरीने शिवणयंत्राचा विचार केला आहे. अशी छोटी यंत्रे सरकारी धोरणाची वाट न पाहता लोकांच्या हातांतून देशात कशी पसरली, हा त्यांचा विषय. आपल्याकडे यंत्र आधी गेले ते शिंप्याच्या ओट्यावर. घरात ते शिरले नंतर. पोलके, झंपर, परकर, शाळेचा सदरा यांची गरज वाढली तसे.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद केले. १९२४ साली ‘यंग इंडिया’त छापलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या यंत्राची गणना मोजक्या उपयुक्त शोधांत केली आणि सांगितले, की पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले. ही कथा इतिहासाला धरून नाही. सिंगर बॉस्टनमधल्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले दुसऱ्याचे यंत्र पाहून या धंद्यात उतरला, आणि त्याचे कौटुंबिक जीवन आदर्श म्हणावे असे नव्हते. रात्री शिवत बसणाऱ्या पत्नीची गोष्ट सांगितली जाते ती हाऊविषयी. पण गांधीजींचा मुद्दा त्या कथेवर उभा नाही. यंत्राने माणसाचे कष्ट हलके करावेत, त्याला निकामी करू नये, हा तो मुद्दा; आणि माणदेशातल्या घरासाठी तो अजूनही कामाचा आहे.

१९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ‘उषा’ हे देशी यंत्र तयार होऊ लागले. कारखाना काढणाऱ्या बिशनदास बेसिल यांनी मुलीचे नाव त्याला दिले असे सांगतात. १९३८ साली तो लाला श्रीराम यांच्याकडे गेला. स्वातंत्र्यानंतर लुधियान्यात सुट्या भागांचे कारखाने वाढले आणि यंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. धोटा, बॉबिन, सुई, पट्टा तालुक्याच्या गावी मिळू लागले. घरगुती वापराच्या दृष्टीने हा बदल यंत्राच्या शोधाइतकाच मोठा मानला पाहिजे. ज्याचा भाग मिळत नाही ते यंत्र म्हणजे घरातली अडगळ.

शिकलेली शिलाई, न मोजलेली मजुरी

बायकांच्या शिवणकामाला कमाईचे साधन म्हणून प्रतिष्ठा देण्याचे काम महाराष्ट्रात संस्थांनी केले. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, म्हणजे १९०९पासून, अक्षरओळखीच्या जोडीला शिवणाचे वर्ग चालले. विधवेला, परित्यक्तेला चार पैसे मिळवता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. तिकडे औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. आटपाडीही त्याच संस्थानात. नव्या गृहिणीचे चित्र महाराष्ट्रासमोर ठेवणारे मासिक माणदेशाच्या इतक्या जवळून निघत होते.

पण जवळ असणे म्हणजे पोचणे नव्हे. १९७२च्या दुष्काळात माणमधल्या बायका शिवणाच्या वर्गात नव्हत्या, खडी फोडायला होत्या. त्या कामांच्या अनुभवातून रोजगार हमीला कायद्याचे बळ मिळाले आणि बाईच्या अंगमेहनतीला सरकारी हजेरीपटावर नाव आले. घरात बसून शिवलेल्या चोळीला मात्र कुठलाच हजेरीपट नव्हता. ब्लाउज शेजारणीचा असेल तर पैसे घ्यायचे कसे, ही भीड. जावेचा असेल तर प्रश्नच नाही. आत्याने त्या मशीनवर तीन-चार वर्षांत किती कपडे शिवले ते कुणी लिहून ठेवले नाही. म्हणूनच ते गहाण टाकताना घराने कमाईचे साधन गमावले असे कुणाच्या मनात आले नाही.

म्हसवडचा हिशेब

या ठिकाणी म्हसवडची गोष्ट येते. चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने इथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. इतकी किरकोळ रक्कम घ्यायला बँका तयार नव्हत्या. यातून ही कल्पना निघाली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. बायका अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, की कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही यंत्र न वापरता करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

शिवणयंत्राच्या इतिहासात या घटनेला मी क्लार्कच्या हप्त्याइतकेच महत्त्व देतो. तिथे हप्ता यंत्र विकण्यासाठी होता आणि मालकी कंपनीकडे राहत होती. इथे कर्ज बाईच्या नावावर, खाते तिचे, आणि वसुलीला माणूस दारात येणार, म्हणजे रोज बुडवून बँकेत जायला नको. याच माणदेशीच्या पुढच्या उद्योग-प्रशिक्षणात शिवणकामही आले. २०२०च्या टाळेबंदीत या भागातल्या बायकांनी घरच्या मशीनवर मुखपट्ट्या शिवल्या, तेव्हा दाराआडची ही यंत्रे गावाला एकदम दिसू लागली.

सरकारी योजनांतून यंत्रे बऱ्याच वर्षांपासून वाटली जातात. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. पण नोंदणी एका कुटुंबातून एकाचीच होते. म्हणजे आत्याच्या पावतीचा प्रश्न इथेही दारात उभा आहे.

आजची पारख

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज खालच्या किमतीला काळे लोखंडी, सरळ टिपेचे मशीन आहे. त्याच्या वर पांढरे, विजेवर चालणारे झिगझॅग मशीन. त्याच्याही वर संगणकीय. मधले घ्यावे का? शहरातल्या हौशी शिवणाऱ्याला हा सोयीचा प्रश्न वाटेल. माणमध्ये त्याचे उत्तर साडीच्या काठावर ठरते.

काळे मशीन आठ पदर ओढते, त्याला तेल आणि पट्टा पुरतो, वीज लागत नाही. भारनियमनाच्या वर्षांत गावोगावी दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, तेव्हा हीच मशीने चालू राहिली. हवी तर त्याला मोटर बसवता येते, आणि वीज गेली की पुन्हा पाय आहेतच. पण त्याने पिको होत नाही. पिकोला सुई डावी-उजवीकडे हलावी लागते, आणि ते झिगझॅग मशीनचे काम. गावात रोख पैसा आणणारे काम आज ब्लाउजइतकेच फॉल-पिकोचे आहे. एका ब्लाउजला अर्धा दिवस जातो. पिको थोड्या वेळात होते.

तेव्हा पारख हप्त्याने करावी. समजा, मशीन १२,००० रुपयांचे आणि हप्ता व्याजासह महिना १,१०० रुपये. एका साडीमागे दोरा-फॉल वजा जाता ५५ रुपये सुटले, तर हप्त्यापुरत्या २० साड्या झाल्या. वस्तीवर तेवढ्या साड्या येतात का? लग्नसराईत येतील, पण दुष्काळाच्या चैत्रात? येत नसतील तर ते मशीन कितीही टाके घालो, आपल्यासाठी महाग आहे. येत असतील तर पुढे आत्याचे प्रश्न : जाड आणि पातळ दोन्ही कापडांवर टीप सारखी पडते का, सुई ११ नंबरची असो की १६ची, बॉबिन आणि केस तालुक्याला मिळते का, दुरुस्त करणारा कुठे बसतो. एका योजनेतून आलेले एक मशीन मी आमच्याच वस्तीवर गुरांच्या गोठ्यात पाहिले आहे. सहा महिन्यांत त्याचा एक भाग तुटला, तो कुठेच मिळेना, आणि त्यावर कडबा रचला गेला.

गेल्या वर्षी वहिनीने पांढरे मशीन घेतले. आत्याने पुढे पंधरा वर्षे हातशिलाईचे पैसे साठवून घेतलेले जुने काळे मशीन अजून घरात आहे. वाकळ त्याच्यावर, पिको नव्यावर. नवे घ्यायला आत्याही दुकानात गेली होती, पिशवीत लुगड्याचा तुकडा घेऊन. आठ पदरांना ते मशीन अडखळले. “ह्याला पातळच द्यायचं,” असे म्हणून तिने तुकडा घडी करून ठेवला.

दुकानदार पावती फाडायला बसला आणि त्याने सवयीने विचारले, “साहेबांचं नाव?”

वहिनी बोलण्याआधीच आत्याने वहिनीचे पूर्ण नाव सांगितले, आणि ते नीट लिहिले आहे का हे पाहायला चष्मा लावला.