बंधुभावाची शपथ आणि कोसबाडची टेकडी

आमच्या एका सहकाऱ्याच्या हाती अलीकडे एक छापील अर्ज पडला. शहरातील एका मंडळाचे सभासद व्हावे, अशी त्यात विनंती होती. हेतू दोन दिले होते : ‘व्यक्तिमत्त्वाचा विकास व समाजसेवा’. अर्जावर दोन जुन्या सभासदांनी सूचक म्हणून सह्या करायच्या होत्या. मराठीचे अध्यापक असल्याने आम्ही त्यातील ‘व’पाशीच अडखळलो. स्वतःची उन्नती आणि दुसऱ्याची सेवा ही दोन्ही एकाच दाराने साधतात, हे त्या एका अक्षराने गृहीत धरले होते. या गृहीतकाला महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे एक टोक डहाणूजवळच्या कोसबाडपर्यंत पोहोचते.

‘लॉज’ म्हटले की मराठी माणसाला मुक्कामाची खोली नाही तर राइसप्लेट आठवते. फ्रीमेसन मंडळींचे लॉज वेगळे. १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढले, ते एतद्देशीयांना प्रवेश मिळावा म्हणून. माणकजी करसेटजी हे त्यातील प्रमुख पारशी नाव. दीक्षा, शपथ, खुणा, गुप्तता आणि सभासदांनी परस्परांना ‘बंधू’ म्हणणे, ही त्याची रीत. स्त्रियांना मात्र त्या दाराआड जागा नव्हती.

त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा स्थापन केली. व्याकरणकार दादोबा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात; गुप्त मंडळीचे दादोबा फारसे ठाऊक नसतात. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. लॉजचे अनुकरण म्हणून ही सभा निघाली, असे आम्ही म्हणणार नाही. दादोबांची त्याआधीची सुरतेतील मानवधर्म सभा हाच तिचा खरा पूर्वज होय. पण बंधुत्व, दीक्षा आणि गुप्तता ही तिन्ही येथेही होती. नव्या सभासदाने जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खायचा. आज हसू येईल. त्या काळी त्या एका तुकड्याने घरदार तुटत असे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे उघड झाली आणि सभा मोडली. बंद दाराआड सगळ्या जातींचे बंधू झालेल्या या माणसांना दाराबाहेर तसे राहणे जमले नाही. आम्ही त्यांना भित्रे म्हणणार नाही. बहिष्कार म्हणजे काय, हे आपण पुस्तकातून वाचतो; त्यांनी तो शेजारी पाहिला होता.

दार उघडून शपथ घेण्याचा प्रकार पुण्यात झाला. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला. त्याचे बीज डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदत्वात होते. बाहेरून मिळणाऱ्या प्राप्तीच्या प्रश्नावरून टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला, तो याच व्रताचा अर्थ कसा लावायचा म्हणून. समाजाच्या सात शपथांत देशाला प्रथम स्थान होते. स्वतःसाठी द्रव्यार्जन करायचे नाही, कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, आणि जातिधर्माचा भेद न मानता सर्व भारतीयांना बंधू मानायचे. या शेवटच्या शपथेत ‘बंधू’ शब्दाची व्याप्ती एकदम बदलली. लॉजमध्ये बंधू म्हणजे आतला माणूस. येथे जो सभासद नाही, ज्याने शपथ घेतलेली नाही, तोही बंधू. पाच वर्षांची उमेदवारी होती. म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा विकास येथेही अभिप्रेत होता, परंतु सेवेची तयारी म्हणून.

या बंधुमंडळात आजीव सभासद होणारी पहिली स्त्री म्हणजे गोदावरी गोखले, पुढे गोदावरी परुळेकर. पती शामराव हेही समाजाचेच सभासद. विचारांची दिशा बदलली तेव्हा दोघेही समाजाबाहेर पडले आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. शपथ मोडली, असे म्हणता येईल. ती शब्दशः पाळण्यासाठीच बाहेर पडावे लागले, असेही म्हणता येईल. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली शेतकरी व मजूर हजारोंच्या संख्येने जमले. वेठबिगार करायची नाही, मजुरी घेतल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, आणि एकजूट सोडायची नाही, असे तेथे ठरले. हाही बंधुभावाचा करारच होता. फक्त आतापर्यंत ज्यांची ‘सेवा’ व्हायची, ते स्वतः तो करीत होते. सूचक नव्हते, वर्गणी नव्हती, गुप्तता तर नव्हतीच. किंमत होती. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मारले गेले. परुळेकरबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० चे. आत्मकथनपर समाजसेवेच्या साहित्यात ते ठेवले जाते, पण त्यातील ‘मी’ दुय्यम आहे. जागा होणारा माणूस दुसराच आहे.

याच १९४५ मध्ये, याच परिसरात, बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आले. टेकडीखालच्या वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. मुले गुरे राखायला जातात, तर ती कुरणात भरवावी. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द आपण आता सवयीने उच्चारतो, तेव्हा त्यामागची पायपीट विसरतो. मुलांना आधी आंघोळ घालायची आणि मग शिकवायचे, हा तेथील रोजचा क्रम होता. अनुताई बालविधवा, एखाद्या बंधुमंडळात त्यांना कोणी सूचक मिळाला असता का, अशी शंका येते. येथे दीक्षाविधी नव्हता. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत तेथेच काम करीत राहिल्या. त्यांचे व्यक्तिमत्त्व विकसित झाले की नाही, हे त्यांना कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

झरी आणि कोसबाड यांची बेरीज करण्याचा मोह आम्ही टाळतो. एका ठिकाणी मजुरीचा दर हा प्रश्न होता, दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या हातातील खेळणे. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या मार्गाविषयी साशंक असणे स्वाभाविक होते. तरीही भाषेच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपावी. बंधुभावाच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या परुळेकरबाई ‘गोदूताई’ झाल्या, आणि कोसबाडच्या वाघबाई ‘अनुताई’. ‘बंधू’ ही पदवी दीक्षेने मिळते, यादीत नोंदवली जाते आणि यादी चोरीस गेली की धोक्यात येते. ‘ताई’ कोण कोणाला केव्हा म्हणू लागले, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

सहकाऱ्याचा अर्ज अजून टेबलावर आहे. त्याने तो भरावा, असेच आमच्यातील बहुतेकांचे मत पडले. मंडळाची रक्तदान शिबिरे चांगली असतात. सूचकांच्या दोन ओळी तेवढ्या रिकाम्या आहेत.