कापड, संग्रहालय आणि 'वगैरे'तला विणकर



आम्हाला दिलेला विषय 'वस्त्रकला, संग्रहालये आणि समाज' असा आहे. विषय अख्ख्या ठाणाएवढा, आणि हातात एक तास. तेव्हा त्यातला हातभर तुकडाच आज उलगडून पाहू. आम्ही इतिहासाचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे मास्तर. त्यामुळे सुरुवात वर्गातूनच करतो.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आम्ही बरीच वर्षं शिकवला. त्यात कार्यकारणभाव समजावताना उदाहरण येते ते कापडाचे. तंतू हे कापडाचे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि धोटा, माग वगैरे हे निमित्त कारण. एकदा हे फळ्यावर लिहून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. येवल्याचा होता, घरी पैठणीचा माग. म्हणाला, "सर, विणणारा कुठे आहे?" आम्ही म्हणालो, "अरे, तो 'वगैरे'त आला." वर्ग हसला, आम्हीही हसलो. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "आमच्या घरी माग आहे सर. तो आपला आपण चालत नाही."

उत्तर शास्त्राला धरून होते. पण ते पुरेसे नव्हते, हे कळायला आम्हाला पुढे पुष्कळ वर्षं लागली. आणि ते कळले, ते न्यायाच्या ग्रंथात नव्हे, कापडाच्या एका ग्रंथात. आजचे व्याख्यान त्याच ग्रंथाबद्दल आहे.

साल १८६६. ठिकाण लंडन. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ साली तिथे एक इंडिया म्युझियम काढले होते. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, आणि संग्रहालय इंडिया ऑफिसकडे गेले. त्याचा प्रमुख होता जॉन फोर्ब्स वॉटसन. हा मूळचा डॉक्टर. तरुणपणी मुंबईत, कंपनी सरकारच्या लष्करी वैद्यक खात्यात नोकरीला होता. हिंदुस्थानात काय पिकते, काय बनते, याची मोजदाद हे आता त्याचे काम. त्याने काय केले? संग्रहालयात जमलेली हिंदुस्थानी कापडं बाहेर काढली, कात्री घेतली आणि त्यांचे तुकडे केले. एकूण ७०० नमुने, १८ खंडांत चिकटवलेले. आणि असे २० संच! एकेका कापडाचे वीस वीस तुकडे, बघा.

हे संच कुणासाठी? राजवाड्यासाठी नव्हेत आणि विद्वानांसाठीही नव्हेत. मँचेस्टर, प्रेस्टन, ब्रॅडफर्ड अशा कापडाच्या गावांसाठी. वीसपैकी तेरा संच ब्रिटनमध्ये राहिले आणि सात हिंदुस्थानात आले. आधीचा बेत तर वीसच्या वीस तिकडेच ठेवायचा होता. सात इकडे पाठवले, त्यातही व्यापाराची सोय हे एक कारण होतेच. वॉटसन यांना पुस्तके म्हणत नसे. त्याच्या लेखी ही वीस औद्योगिक संग्रहालये होती. हेतू त्याने लपवलेला नाही. हिंदुस्थानी माणसाला कसले कापड आवडते ते इथे पाहा, त्याची नक्कल करा आणि त्यालाच विका. इतके सरळ.

आता त्याची दृष्टी किती बारीक होती तेही सांगितले पाहिजे. शत्रूची हुशारी नाकारून इतिहास कळत नाही. त्याच्या ध्यानात आले की हिंदुस्थानचा पुष्कळसा पोशाख शिवलेला नसतो, मागावरूनच तयार उतरतो. धोतर, लुगडे, पागोटे. शिंप्याची गरज नाही. म्हणजे लांबी, पन्हा, काठ आणि पदर हे विणतानाच ठरते. विलायती गिरण्या कापड स्वस्त देत, पण माप चुके, काठ चुके, आणि आमच्या बायका ते लुगडे बाजूला सारत. तेव्हा वॉटसनने पानापानावर काय लिहिले? लांबी किती, रुंदी किती, वजन किती, कुठे बनले किंवा कुठे मिळाले आणि जिथे कळली तिथे किंमत. ढाक्याच्या मलमलीचा धागा तर त्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजला, आणि आपल्या यंत्रांना अजून तसले कापड साधलेले नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली. उंची माल हातमागाचाच राहील, असे त्याचे मत. गिरण्यांनी हात घालायचा तो साध्या, रोज नेसायच्या कापडात. कारण कोट्यवधी माणसं तेच नेसतात.

सगळे लिहिले. एक गोष्ट नाही लिहिली. कुणी विणले, ते. सातशे नमुने, आणि विणकराचे नाव नाही. तो पुन्हा 'वगैरे'त!

इथे आपण क्षणभर थांबू. वॉटसनच्या खंडांनी विणकर बुडाला, असे सोपे वाक्य म्हणायचा मोह होतो. इतिहास तितका सरळ नाही. विलायती सूत आणि कापड त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. आणि विणकर सरसकट मेलाही नाही. तो गिरणीचे सूत घेऊन विणू लागला, गाव सोडून हलला. उत्तरेतून मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीला आले, तेलंगणातून पद्मशाली सोलापूरला आले. आजही त्यांची वस्ती तिथे आहे. आमचा मुद्दा एवढाच, की संग्रहालय हे नुसते बघण्याचे ठिकाण नसते. काय जपायचे, काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे तिथे कुणीतरी ठरवतो, आणि त्या ठरवण्याला राजकारण असते. विणकराचे नाव वॉटसन विसरला, असे नाही. त्याच्या कामाला ते लागतच नव्हते. नक्कल करायला माप लागते. माणूस लागत नाही.

मग माणूस कुठे दिसतो? तो दिसतो कापड अंगावर चढते तेव्हा. यासाठी आता लंडनहून पुण्याला येऊ.

१८७२ साल घ्या. त्या वर्षी मुंबईत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांना खुले झाले. आणि त्याच वर्षी पुण्यात गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांनी स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली. पुढे १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते सार्वजनिक सभेतर्फे गेले. राजेमहाराजे किनखाबात आले होते. काका गेले ते स्वतः कातलेल्या सुताच्या पांढऱ्या खादीत. गांधीजी त्या वेळी सात वर्षांचे होते, बरं का! काकांनी दरबारात कापडावर भाषण केले नाही, कापडच नेसून गेले. हे कुणाच्या हातचे आहे, असा प्रश्न त्या कापडाने विचारला. वॉटसनने गाळलेला प्रश्न तोच.

दुसरा प्रसंग १८८८ चा, पुण्याचाच. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जरीचे अंगरखे, हिरेमोती, सगळा थाट. तिथे जोतीराव फुले गेले साध्या शेतकऱ्याच्या वेशात, आणि खरा देश या झगमगाटात नाही, खेड्यात आहे, असे त्यांनी पाहुण्याला सुनावले. 'शेतकऱ्याचा असूड' वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही. विलायती मालाने इथल्या कारागिरांचे काय झाले, हे जोतीरावांनी त्यात मांडलेच आहे.

दोघांत फरक आहे, तो विसरू नये. काकांचे कापड सांगते, हे कुणी केले. जोतीरावांचे कापड सांगते, हे कोण नेसते आणि काय नेसायला त्याला परवडत नाही. स्वदेशीच्या चळवळीत पहिला प्रश्न मोठ्याने विचारला गेला. दुसरा तेवढ्या मोठ्याने विचारला गेला नाही. आणि ही दोन्ही वस्त्रं काचेच्या कपाटात ठेवली, तर पाटीवर काय लिहाल? 'सुती वस्त्र, एकोणिसावे शतक'? झाले! मेजवानीत बोललेले कापड कपाटात मुके.

भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेला असाल तर तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृती पाहिल्या असतील. नाना जातीजमातींची, धंद्यांची माणसं. सुबक काम आहे. तिथे माणूस आहे. पण तो नमुना म्हणून आहे. त्याला जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे. नाव नाही. म्हणजे कपाटात माणसाची मूर्ती ठेवून भागत नाही, हेही आलेच.

हे सगळे जुने उगाळण्याचे कारण आजचे आहे. मुंबईत काळाचौकीला, इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारायचे काम महापालिकेने हाती घेतले. चांगली गोष्ट आहे. माग ठेवतील, चात्या ठेवतील, चिमणीवर प्रकाशझोत सोडतील. पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप? सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी जाहीरच केले नाही. तो कुठल्या कपाटात ठेवणार? रोज सकाळी दारावर उभा राहून कामाची वाट बघणारा बदली कामगार कुठे असेल? गिरणगावाला जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांसाठी. त्यांच्या हातच्या भाकरीवर ते माग चालले. कापडाचे निमित्त कारण सांगताना त्यांना कुठल्या यादीत घालाल? आणि ज्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, तिथे काम करणाऱ्यांचे पुढे काय झाले, ही पाटी कोण लिहील?

साधा बंद पडलेला माग दाखवणे सोपे आहे. तो का बंद पडला, हे लिहिणे अवघड. कारण ते लिहिले की भांडण होते. आमचे मत विचाराल, तर संग्रहालयात थोडे भांडण झालेले बरे. भांडण मुळीच नाही, याचा अर्थ बहुधा कुणीतरी 'वगैरे'त गेले आहे.

वॉटसनचे खंड आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. काठ पाहावेत, रंग पाहावेत. जे खंड विणकराच्या पोटावर पाय देण्यासाठी कापले, तेच आज त्याच्या नातवाला पणजोबांचे हात दाखवू शकतात. इतिहासात असेही घडते. फक्त पाटी पुन्हा लिहावी लागते, आणि ती लिहिताना त्या नातवाला विचारावे लागते.

तो येवल्याचा मुलगा पुढे आम्हाला भेटला नाही. भेटला असता तर त्याला सांगितले असते, की त्या दिवशी फळ्यावरचे उत्तर बरोबर होते, पण आमचे हसणे चुकले. तुम्ही पुढच्या वेळी संग्रहालयात कापडापुढे उभे राहाल, तेव्हा पाटी वाचून झाल्यावर एवढेच विचारा: विणणारा कुठे आहे? आजूबाजूचे हसले तरी विचारा.