बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात ‘शाश्वत विकास’ शिकवतात, त्याचा असोद्याच्या रानाशी काय संबंध?

असोदा (ता. जळगाव) : कॉलेजात जाणारं पोरगं घरी ‘पर्यावरण अभ्यास’चा प्रकल्प घेऊन बसलं की बहुतेक बाप म्हणतात, झाडाचे चार फोटो चिकटव अन् मोकळा हो. पण हा विषय कॉलेजवाल्यांनी हौसेनं लावलेला नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला की शाळा-कॉलेजात पर्यावरण शिकवलंच पाहिजे. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांना तो सक्तीचा केला. बी.ए. असो की बी.कॉम., सुटका नाही. देशभरातल्या पोरांसाठी आयोगाचं जे पाठ्यपुस्तक निघालं, तेही आपल्या पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिलेलं.

‘शाश्वत’ हा शब्द जड वाटतो, अर्थ साधा आहे. आपण आज विहीर, रान, झाड वापरतो ते असं वापरायचं की पोरानातवंडांनाही पुरलं पाहिजे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं या शब्दाची व्याख्या केली. त्या आयोगाच्या अध्यक्ष नॉर्वेच्या ग्रो ब्रुंटलँड होत्या.

आता आपल्या विद्यापीठाचं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, मार्कशीटच्या एका दुरुस्तीसाठी पुण्याची वारी करावी लागे. आज जळगाव, धुळे अन् नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. बहिणाबाईंचं माहेर हे असोदा गाव, जन्म १८८० चा, सासर जळगावचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला आहे, याचा गावाला अभिमान आहेच. फक्त अभिमानाच्या पुढं जाऊन त्या विद्यापीठाकडून काय घ्यायचं, हे कुणी फारसं विचारत नाही.

बांभोरीजवळ गिरणेच्या काठी विद्यापीठाचं आवार आहे, सुमारे ६५० एकरांचं. तिथल्या पर्यावरण व भूविज्ञान प्रशालेत पर्यावरणशास्त्र अन् भूविज्ञान हे विषय एम.एस्सी.पर्यंत शिकवले जातात. पाण्याची तपासणी, जमिनीखालचे थर, भूजल हे त्यातले विषय. बोअर कुठं घ्यायची अन् कुठं घेऊ नये, याचं शास्त्र ते हेच. नारळ घेऊन रानात फिरणाऱ्यापेक्षा भूविज्ञान शिकलेलं पोरगं कधीही बरं.

जीवशास्त्र प्रशालेतलं एक काम शेतकऱ्यानं समजून घ्यावं असं आहे. चुनखडीच्या काळ्या रानात नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण हिराकस टाकतो. खरं तर अशा रानात लोह नसतं असं नाही. लोह असतं, पण चुनखडीमुळं ते अशा रूपात अडकतं की मुळीला घेता येत नाही. मातीतले काही जीवाणू ‘सिडेरोफोर’ नावाचा पदार्थ सोडतात. तो अडकलेल्या लोहाला पकडून विरघळलेल्या रूपात आणतो. शिवाय काही रोगकारक बुरशींच्या तोंडचं लोह पळवतो, त्यामुळं बुरशीही उपाशी राहते. या जीवाणूंवर इथल्या प्रा. एस. बी. चिंचोलकर यांनी काम केलं आणि याच विषयावरचा त्यांनी सहसंपादित केलेला इंग्रजी ग्रंथ २००७ मध्ये निघाला. अडचण एवढीच की असलं संशोधन इंग्रजीत छापलं जातं आणि बांधापर्यंत यायला वर्षं लागतात. आलं तरी दुकानातल्या बाटलीवरच्या नावानं येतं.

बांधापर्यंत आलेलं उदाहरणही आहे. पोकरा म्हटलं की आपल्याला ठिबकचं नाहीतर शेततळ्याचं अनुदान आठवतं. त्याच पोकरात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. त्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी अन् विद्यार्थ्यांनी बसवली. प्रकल्पात जळगाव जिल्ह्यातलीही गावं होती. हिशेब घरखर्चासारखाच आहे. पाऊस किती पडला, त्यातलं वाहून किती गेलं, मातीत किती मुरलं, खाली विहिरीला किती मिळालं अन् पिकांनी किती प्यायलं.

आपल्या एकरावर करून पाहा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी साधारण ४ हजार लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर एकरी २८ लाख लिटर आभाळातून येतं. आकडा मोठा वाटतो, पण त्यातलं बरंच नाल्यानं निघून जातं नाहीतर वाफ होतं. केळी वर्षभर रानात उभी असते आणि तिची गरज या पावसाच्या बरीच पुढं जाते. वरचा फरक विहिरीतून अन् बोअरमधून निघतो. म्हणूनच यावल-रावेर पट्ट्यात पाणी खोल खोल जात राहिलं आणि १० मे २०२५ ला महाराष्ट्र अन् मध्य प्रदेशानं तापी मेगा रिचार्जचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे, तिथं पाणी मुरवायचं अशी ती योजना.

केळीच्याच खोडाचं घ्या. घड कापला की खोड बांधावर पडतं. नवसारी कृषी विद्यापीठानं या खोडातून धागा काढला आणि धागा काढताना निघणाऱ्या रसाचं द्रवरूप खत केलं. नवसारी आपल्यापासून काही परदेशात नाही. मात्र धागा काढायचं यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही, गटानं घेतलं तरच जमतं.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. बांभोरीचं विद्यापीठ हे कृषी विद्यापीठ नाही. करपा आला, बियाणं उगवलं नाही, भरताच्या वांग्याला शेंडेअळी लागली, तर तिथं जाऊन उपयोग नाही. त्यासाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि त्याचं केळी संशोधन केंद्र जळगावातच आहे. कृषी विज्ञान केंद्रं ममुराबाद अन् पाल इथं आहेत. बांभोरीकडून मिळू शकतं ते वेगळं : पाण्याचा अभ्यास, खडकाचा अभ्यास, कारखान्याच्या सांडपाण्याचा अभ्यास आणि मुख्य म्हणजे शिकणारी पोरं.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पोरांना क्षेत्र प्रकल्पालाही गुण आहेत. म्हणजे पोरांना गाव पाहिजेच आहे. काम काय द्यायचं ते ग्रामपंचायतीनं ठरवलं तर फोटो चिकटवण्यापेक्षा बरं काही होईल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. पण त्या विहिरी मोजक्याच असतात. असोदा शिवारातल्या वीस विहिरी निवडून त्याच महिन्यांत दोरी-टेपनं मोजायच्या, वहीत तारीख टाकून लिहायच्या आणि ती वही दरवर्षी पुढच्या वर्गाला द्यायची. मोजायच्या आधी किमान रात्रभर मोटार बंद पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. पाच वर्षांची वही झाली की कोणत्या बाजूची विहीर आधी आटते ते कागदावर दिसतं आणि बंधारा कुठं मागायचा हे ग्रामसभेत भांडण न करता सांगता येतं. मेची नोंद पहिला पाऊस पडायच्या आत घ्यावी लागते.