पोकेमॉन टीसीजी पॉकेट: जिंकणारा डेक कसा बांधला जातो?

पॅक उघडला, दुर्मीळ कार्ड निघालं, की पहिला स्क्रीनशॉट स्टोरीवर जातो. पण असे चार-पाच भारी पोकेमॉन एकत्र करून डाव खेळायला घेतला, की बऱ्याचदा समोरचा खेळाडू साध्या कार्डांनी हरवून जातो. नशीब खराब होतं, असं मग वाटतं. खरं कारण मात्र बहुतेक वेळा डेकच्या रचनेत असतं.

'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' हा मोबाइल गेम ३० ऑक्टोबर २०२४ रोजी जगभर उपलब्ध झाला. पोकेमॉनच्या कागदी कार्डांच्या खेळाची ही छोटी, वेगवान आवृत्ती आहे. त्यामुळे डेक बांधण्याचं गणितही वेगळं आहे.

आधी नियम

डेकमध्ये बरोबर २० कार्डं लागतात. एकाच नावाची जास्तीत जास्त २ कार्डं ठेवता येतात. सुरुवातीला हातात ५ कार्डं येतात आणि त्यात किमान एक बेसिक पोकेमॉन हमखास असतो. एक पोकेमॉन पुढे लढतो, तर मागे बेंचवर तिघांना जागा असते.

जो आधी ३ गुण मिळवेल तो जिंकतो. साधा पोकेमॉन बाद केला की १ गुण मिळतो, 'ईएक्स' बाद केला की २ आणि नंतर आलेला 'मेगा ईएक्स' बाद केला की थेट ३. म्हणजे मेगा ईएक्स कितीही ताकदवान असला, तरी तो एकदा पडला की डाव संपतो. सगळे साधे पोकेमॉन असलेल्या खेळाडूला हरवायला मात्र तिघांना बाद करावं लागतं. भारी कार्डाची किंमत अशी डावातही मोजावी लागते.

एक कार्ड ठेवायचं की दोन?

डेकमध्ये एखादं कार्ड एकच असेल, तर ते सुरुवातीच्या ५ कार्डांत येण्याची शक्यता साधारण २५ टक्के असते. तेच कार्ड दोनदा ठेवलं तर ती सुमारे ४५ टक्के होते. डावात १० कार्डं पाहून होईपर्यंत हेच आकडे ५० आणि ७६ टक्क्यांवर जातात. (बेसिक पोकेमॉनची हमी असल्याने प्रत्यक्षात थोडा फरक पडतो.)

म्हणून ज्या कार्डावर डावाची भिस्त आहे, ते शक्यतो दोनदा ठेवलं जातं. वीस वेगवेगळी चांगली कार्डं एकत्र केली, तर नेमकं हवं ते वेळेवर हातात येत नाही.

उत्क्रांतीची साखळी जितकी लांब, तितकी जोखीम

गार्डेव्हॉर खेळायचा तर आधी राल्ट्स, मग किर्लिया आणि मग गार्डेव्हॉर अशी तीन कार्डं लागतात. तिन्ही दोन-दोन ठेवली, तरी १० कार्डं पाहून झाल्यावर तिन्ही हातात आलेली असण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के असते. दोनच टप्पे असलेल्या साखळीत ती सुमारे ५७ टक्के असते.

याचा अर्थ लांब साखळी टाळावीच असा नाही. गार्डेव्हॉर दर फेरीला पुढे लढणाऱ्या सायकिक पोकेमॉनला एक जादा ऊर्जा देतो, म्हणून मेवटू ईएक्ससोबत त्याची जोडी जमते. मात्र डेकमध्ये अशा दोन लांब साखळ्या घातल्या, की दोन्ही अर्धवट राहण्याची भीती असते.

ऊर्जा एकाच रंगाची का?

इथे ऊर्जेची कार्डं डेकमध्ये नसतात. दर फेरीला खेळ एक ऊर्जा देतो, फक्त पहिली चाल करणाऱ्याला पहिल्या फेरीत ती मिळत नाही. डेक बांधताना दोन रंग निवडले, तर त्यातला कोणता येईल हे नशिबावर असतं. हव्या त्याच रंगाच्या दोन ऊर्जा लागोपाठ येण्याची शक्यता उरते फक्त २५ टक्के. एकच रंग ठेवला तर ती १०० टक्के असते. म्हणूनच एकरंगी डेक नवख्यांसाठी सोपे पडतात.

उदाहरण: पिकाचू ईएक्सचा डेक

गेमच्या पहिल्या संचापासून गाजलेली ही एक रचना:

- पिकाचू ईएक्स २, झॅपडॉस ईएक्स २
- व्होल्टॉर्ब २, इलेक्ट्रोड २
- पोके बॉल २, प्रोफेसर्स रिसर्च २
- सब्रिना २, जिओव्हानी २
- एक्स स्पीड २, पोशन २

पिकाचू ईएक्सचा हल्ला दोनच ऊर्जांत होतो आणि बेंचवरच्या प्रत्येक इलेक्ट्रिक पोकेमॉनमागे ३० नुकसान करतो. बेंच भरलेला असेल तर ९०, जिओव्हानी वापरला तर १००. समोरच्याला इलेक्ट्रिकचं वावडं असेल तर आणखी २०. मात्र बेंच रिकामा असेल तर हाच हल्ला शून्य.

म्हणूनच डेकमधले आठही पोकेमॉन इलेक्ट्रिक आहेत. पोके बॉल डेकमधून एक बेसिक पोकेमॉन हातात आणतो, म्हणजे बेंच लवकर भरतो. प्रोफेसर्स रिसर्च दोन कार्डं देतो. सब्रिना समोरच्याला पुढचा पोकेमॉन बदलायला लावते. प्रत्येक कार्ड एकाच बेताला हातभार लावतं.

नव्या संचांत यापेक्षा जोरदार कार्डं आली आहेत. पण डेक पारखण्याची पद्धत तीच राहते: 'हे कार्ड मुख्य बेताला काय मदत करतं?' याचं उत्तर नसेल, तर ते कार्ड बाहेर.

नशिबावर किती विसंबायचं?

मिस्टी हे कार्ड खेळलं की काटा पडेपर्यंत नाणं उडवायचं आणि प्रत्येक छापामागे वॉटर पोकेमॉनला एक ऊर्जा मिळते. सलग चार छाप पडल्याचे व्हिडिओ व्हायरल होतात. पण पहिल्याच नाण्याला काटा पडून काहीच न मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि त्याचे व्हिडिओ कुणी टाकत नाही.

डेक सुधारायचा कसा?

एका पराभवानंतर अख्खा डेक मोडण्यात अर्थ नाही. आठ-दहा डाव खेळून कोणतं कार्ड हातात नुसतंच पडून राहिलं, हे पाहावं. एका वेळी एक-दोनच कार्डं बदलावीत, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं.

पैसे खर्च करावेच लागतात का?

रोज दोन पॅक फुकट उघडता येतात. प्रत्येक पॅकमागे ५ पॅक पॉइंट जमतात आणि ५०० पॉइंटांत चार हिऱ्यांचं, म्हणजे ईएक्स दर्जाचं, हवं ते कार्ड घेता येतं. फक्त फुकटच्या पॅकांवर त्याला ५० दिवस लागतात. जानेवारी २०२५ पासून मित्रांशी समान दर्जाच्या कार्डांची अदलाबदलही करता येते. पोके बॉल आणि प्रोफेसर्स रिसर्च ही जवळपास प्रत्येक डेकला लागणारी कार्डं तर गेममधल्या दुकानात शॉप तिकिटांवर मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एकाच कार्डाची साधी आणि चकचकीत आवृत्ती डावात अगदी सारखीच असते. चार हिऱ्यांचा पिकाचू ईएक्स आणि त्याचीच ताऱ्यांची सोनेरी-रंगीत प्रत यांची ताकद, हल्ला, ऊर्जा यांत काडीचाही फरक नाही. त्या प्रतीसाठी पॅकमागून पॅक विकत घेतले, तर संग्रह देखणा होईल, डेक मात्र होता तिथेच राहील.